मागच्या सीटवरची काठी

मोरिवलीची शेड मालकाने विकली तेव्हा ती रिकामी करायला आई आणि मी गेलो. १९९९चा मार्च. पत्र्याला लावलेल्या फळीमागे एक कॅलेंडर गुंडाळून खोचलेलं सापडलं, दहा वर्षांपूर्वीचं, उल्हासनगरच्या एका रंगाच्या दुकानाचं. डिसेंबरच्या पानाच्या पाठीवर पेन्सिलने एक विमान काढलेलं होतं, वरून पाहिल्यासारखं. आई म्हणाली, टाक. आबा सायकल भिंतीला टेकवून आत आले, त्यांनी एकदा पाहिलं आणि तेही म्हणाले, टाक. या दोघांचं सहसा एकमत होत नाही, म्हणून मी ते घरी आणलं.

आबांनी बाण काढून एकेका भागाचं नाव लिहिलंय. काही भाग खोडरबराने पुसलेत, पण पेन्सिल दाबून धरायची त्यांची सवय, त्यामुळे कागद उजेडात तिरका धरला की पुसलेलंही वाचता येतं. नावं मी जशीच्या तशी उतरवते. त्यांच्याखाली मला आठवतं ते.

*इंजिन*

जुन्या बीटल मोटारीचं. कुर्ल्याच्या भंगारातून पोत्यात घालून आणलेलं.

आबा म्हणजे माझे वडील, सुदाम उबाळे. अंबरनाथला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर. विमानाचे नकाशे त्यांनी परदेशातून टपालाने मागवले ते १९८१ साली, आणि पाच वर्षं रोज पाळी संपली की शेडमध्ये जाऊन ते विमान बांधलं. कारखान्यात त्यांना ‘पायलट’ म्हणत, ते कौतुकाने नव्हतं. शेडच्या बाहेर लोक थांबत आणि विचारत, उबाळे, हे बाहेर कुठून काढणार? दरवाजा खरंच लहान होता. पंख वेगळे काढता येतात हे आबांनी कुणालाच सांगितलं नाही. लोकांना काहीतरी बोलायला राहू दे, म्हणाले.

*पंख, कापड*

आईने शिवलेलं. माझी आई अंजना, उल्हासनगरच्या कारखानदारांसाठी घरी परकर शिवायची, त्याच मशिनवर. कापडावर लाखेसारख्या वासाचा द्रव चार हात लावला की ते ढोलासारखं ताणलं जायचं. आई टिचकी मारून बघायची आणि आवाज बद्द आला तर आबांना पुन्हा ब्रश घ्यायला लावायची.

*ठिपके*

हे नाव नाही, खूण आहे. चित्रात प्रत्येक जोडावर बारीक ठिपके आहेत.

फिटर लोकांची एक पद्धत असते. एखादं यंत्र सोडवायचं असलं की आधी दोन्ही भागांवर पंचने, म्हणजे टोकदार हत्यार ठोकून, ठिपका मारायचा. एक ठिपक्याचं एक ठिपक्यात, दोनाचं दोनात. पुन्हा जोडताना डोकं चालवायचं नाही, ठिपके जुळवायचे. आबांनी घरातले डबेसुद्धा सोडले नव्हते. डाळीच्या डब्याच्या बुडाला तीन ठिपके, झाकणाला तीन. आमच्याकडे कुठलंही झाकण कधी दुसऱ्या डब्यावर गेलं नाही. पाहुणे आले की आई झाकण उलटं करून दाखवायची आणि म्हणायची, नशीब, माझ्यावर नाही मारला.

हे लक्षात ठेवावं लागेल.

*सीट, पुढची. सीट, मागची (गोणी किंवा सुनी)*

सुनी म्हणजे मी, सुनेत्रा.

विमानाला एकामागे एक अशा दोन सीट होत्या, पण चालवायचं सामान पुढेच होतं. गुडघ्यांच्या मध्ये एक काठी: मागे ओढली की नाक वर, डावीउजवीकडे केली की विमान त्या बाजूला कलतं. आणि पायाखाली एक आडवी लाकडी पट्टी, मधोमध खिळ्यावर फिरणारी. तिच्या दोन टोकांपासून दोन तारेच्या दोऱ्या थेट शेपटीपर्यंत जायच्या, सुकाणूच्या दोन बाजूंना. पायाने पट्टी ढकलायची, शेपटीतलं सुकाणू वळायचं. आबा तिला पायपट्टी म्हणत.

मागची सीट रिकामी ठेवली तर तोल जायचा, म्हणून तिच्यावर रेतीची गोणी बांधत. मी दहावीला गेले तेव्हा माझं वजन गोणीएवढं झालं. पुढची चार वर्षं गोणी मीच होते.

उडायचो बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला, चांगोच्या शेतात. चांगो म्हणजे तिथल्या पाड्यावरचा शेतकरी, आबांच्याच वयाचा. भात कापून झालं की जूनपर्यंत त्याचं शेत रिकामं. शेडपासून कुळगावमार्गे टेम्पोत पंख आणि शेपूट वेगवेगळे न्यायचे, झाडाखाली जोडायचे. चांगोची अट एकच होती, माझ्या बांधाच्या बाहेर जायचं नाही. विमानाच्या परवानगीच्या सरकारी पत्रात फक्त ‘जमिनीवरील चाचण्या’ असे शब्द होते. चाचणी करताना चाकं किती उचलली तर चालेल ते लिहिलं नव्हतं. आबा ताडाच्या उंचीपर्यंत उचलत. शेताच्या या टोकाला वर, त्या टोकाला खाली. वळून पळत परत. त्या दोन मिनिटांत मला एका बाजूला कुळगावची घरं दिसायची आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधे आबांची मान. त्या मानेइतकं नीट मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

जमिनीवर पळवायला आबा मला पुढे बसवत. काठीला हात लावायचा नाही, फक्त पायपट्टी. डावीकडे जायचं असेल तर उजवा पाय ढकल, ते म्हणत. सायकलच्या हँडलसारखं. मला पहिल्याच दिवशी जमलं.

*(बाणाशिवाय, कडेला: “अंजनाचं म्हणणं”)*

१९९०चा एप्रिल. आम्ही वर असताना चांगोने पेंढा उचललेल्या जागेवरून वावटळ उठली आणि भुसकट थेट आबांच्या डोळ्यांत गेलं. त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. मी मागून ओरडत राहिले: खाली, अजून खाली, आता सरळ, आता ओढा. त्यांनी माझ्या आवाजावर विमान टेकवलं. चाक वाकलं, बाकी काही नाही.

आईला मी सांगितलं नव्हतं. चांगोने सांगितलं.

आईने भांडण केलं नाही. तिने मशिनवरून न उठता एवढंच सांगितलं की पोरीला मागे बसवायचं असेल तर तिच्या हातात धरायला काहीतरी हवं. गोणीच न्यायची असेल तर रेती स्वस्त आहे.

*नळी, एक इंच*

पावसाळ्यात विमान शेडमध्ये असायचं. त्या जूनला आबांनी मागची सीट उपसून काढली.

दुसरी काठी लावायची म्हणजे नुसती काठी लावून भागत नाही. दोन्ही काठ्या एकाच नळीवर उभ्या हव्यात, म्हणजे एक कलली की दुसरी कलेल. पुढे-मागे व्हायला दोन्हींच्या बुडात एक दांडा हवा, आणि तो दांडा वळला तरी अडकू नये म्हणून त्याच्या टोकांना गोळे हवेत. नळी आबांनी आणली. गोळ्यांसाठी आम्ही उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात लच्छूभाईंकडे गेलो.

लच्छूभाईंचं वर्कशॉप दहा बाय बाराचं, एक लेथ, एक ड्रिल आणि भिंतीवर त्यांच्या वडिलांचा, सिंधमधल्या शिकारपूरहून आणलेला फोटो. काहीही दाखवा, ते तसंच दुसरं करून देत. आबांनी कागदावर गोळा काढून दाखवला. लच्छूभाईंनी चष्मा वर केला, पडवीतल्या ढिगातून ट्रकच्या गिअरची जुनी दांडी ओढून काढली आणि तिच्या बुडाचा गोळा बोटाने फिरवून दाखवला.

“वडी साईं, ये तो तय्यार माल है. जहाज में गियर कितने डालोगे?”

एकही नाही, म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं.

ऑगस्टमध्ये दुसरी काठी उभी राहिली. आबा पुढे बसले, मी मागे. पाऊस पत्र्यावर इतका पडत होता की बोलून उपयोग नव्हता. माझ्या हातातली काठी आपोआप डावीकडे गेली. मग हळू मागे आली. मग थांबली. मी ती उजवीकडे नेली आणि पुढे आबांचा कोपर उजवीकडे गेला. त्यांनी जरा अडवली. मी जोर लावला. त्यांनी सोडली. पाऊण तास आम्ही बसलो होतो. हलत तर काहीच नव्हतं, पंख भिंतीला टेकवलेले होते. माझे वडील फार बोलत नसत आणि हात तर लहानपणी सोडला तो सोडलाच. त्या दिवशी मला त्यांचा हात एक इंची नळीतून लागला.

*पायपट्टी, मागची (पुसलेली)*

आता पायपट्टी राहिली होती. ते तर सोपं काम. मागच्या सीटपुढे तशीच दुसरी पट्टी, लच्छूभाईंकडे करायला टाकलेली, बसवायची आणि पुढच्या पट्टीला दोऱ्यांनी जोडायची.

सप्टेंबर गेला. मी विचारलं की आबा म्हणत, लच्छूने दिली नाही अजून.

*(चित्रात नाही: पुणे)*

कॉलेजच्या एन.सी.सी.तून ऑक्टोबरात आम्हाला कॅम्पला नेलं. पुण्याला ग्लायडरमध्ये प्रत्येकीला दोन फेऱ्या, आणि त्यातून चौघींना जानेवारीच्या कोर्सला घेणार होते. त्या कोर्सच्या शेवटी जिला येईल तिला एकटीला उडवू देतात. मी नाव दिलं तेव्हा फॉर्मवर ‘पूर्वानुभव’ असा रकाना होता. मी त्यात ‘गोणी’ लिहिणार होते.

ग्लायडरलाही एकामागे एक सीट, मी पुढे, शिकवणारे सर मागे. काठी माझ्या हातात दिली तेव्हा सर म्हणाले, पहिल्यांदा धरलीय असं वाटत नाही. मग ते म्हणाले, आता डावीकडे वळव, हातपाय बरोबर. मी काठी डावीकडे घेतली आणि उजवा पाय ढकलला.

विमान कडेकडेने घसरल्यासारखं झालं. सरांनी काठी घेतली. दुसऱ्या फेरीत मी पुन्हा तेच केलं. तिथे डावीकडे जायचं असेल तर डावा पाय दाबायचा होता. माझा पाय ऐकेना.

खाली उतरल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, हात चांगला आहे. जानेवारीत ये, पण पहिल्या फेरीला पाय चुकला तर त्याच गाडीने परत. वर कुणी असा पाय दिला की विमान गिरकी घेऊन खाली येतं, आणि तेव्हा मी मागे असेनच असं नाही. मग त्यांनी विचारलं, “कुणी शिकवलं तुला?”

मी म्हटलं, सायकल येते मला.

*दोरी, डावी: एक ठिपका. दोरी, उजवी: दोन ठिपके*

परत आल्यावर आबा पाळीवर असताना मी शेडची किल्ली घेतली आणि टॉर्च लावून शेपटीत शिरले.

पुढे पायपट्टीच्या डाव्या टोकाला एक ठिपका, उजव्याला दोन. मागे सुकाणूच्या डाव्या बाजूला एक ठिपका, उजवीला दोन. एकाचं एकात, दोनाचं दोनात. पण डावीकडची दोरी सीटच्या मागे उजवीकडे गेली होती आणि उजवीकडची डावीकडे. दोन्ही मधोमध एकमेकींना ओलांडून, कैचीसारख्या. एक ठिपक्याची दोरी दोन ठिपक्यांत अडकवली होती. जिथे त्या घासत, तिथे आबांनी चामड्याचा तुकडा नीट शिवून बसवला होता.

एखाद्याने चुकून जोडलं असतं तर चामडं लावलं नसतं.

तिथून मी थेट उल्हासनगरला गेले. लच्छूभाई म्हणाले, पट्टी? वो तो राखी के पहले से तय्यार है बेटा, तेरे पप्पा लेकेच नहीं जाते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. तीन महिने आबा ती न्यायला गेले नव्हते. त्यांना ठाऊक होतं. पट्टी आणली की माझे पाय तिच्यावर पडणार.

बोलायला नको म्हणून चार दिवस मी पट्टी पलंगाखाली ठेवली. गप्प बसले असते तर डिसेंबरात चांगोच्या शेतात मी आबांसारखी उडवायला शिकले असते आणि जानेवारीत पुण्याहून पहिल्या गाडीने परत आले असते. बोलले असते तर चार वर्षं जो माणूस एकट्याच्या हिमतीवर उडत होता, त्याला सांगावं लागणार होतं की तुम्ही जे उडवता ते जगात दुसरं कुणी उडवत नाही.

पाचव्या दिवशी आईने झाडताना पट्टी पाहिली. मग बोलावंच लागलं, जेवताना.

“आबा, दोऱ्या कैचीत आहेत.”

त्यांनी घास खाल्ला. “ठिपके बघितलेस?”

“बघितले.”

“मग विचारतेस काय?”

आई म्हणाली, मला कळेल असं बोला. तेव्हा आबांनी सांगितलं, मला नाही, आईला. १९८६ साली चांगोच्या शेतात विमान पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा कारखान्यातले तीसेक जण बघायला आले होते. दोऱ्या नकाशाप्रमाणे सरळ होत्या. आबा डावीकडे वळवायला गेले आणि विमान उजवीकडच्या बांधावर चढलं. काढलं, पुन्हा केलं, पुन्हा बांध. तीनदा. तीस वर्षं सायकल चालवलेली. सायकलच्या हँडलचा डावा हात पुढे ढकलला की चाक उजवीकडे जातं, हे त्यांच्या अंगात होतं आणि अंगाने पायालाही तेच सांगितलं. लोक हसून हसून परत गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा एकटे आले आणि दोऱ्या ओलांडून लावल्या.

“विमान बदलायला दहा मिनिटं लागली. पाय बदलायला किती लागले असते कुणास ठाऊक,” ते म्हणाले. “आणि मी एकटाच तर उडवणार होतो.”

आईने आम्हा दोघांना भात वाढला. मग म्हणाली, “हिला एकच विमान येणार असेल तर ती अजून गोणीच आहे.”

*X (दोनदा काढून दोनदा पुसलेलं)*

आबांनी त्याच आठवड्यात हे चित्र काढलं; यापुढच्या खुणा नंतरच्या. पुसलेल्या जागी दोन पट्ट्यांच्या मधे एक कैची दिसते. त्यांची युक्ती अशी होती की शेपटीच्या दोऱ्या सरळ करून माझ्या पट्टीला लावायच्या, आणि माझ्या पट्टीपासून त्यांच्या पट्टीपर्यंत कैची. म्हणजे मला जगासारखे पाय, त्यांना त्यांचे. यंत्र म्हणून ते अगदी बरोबर होतं. शेडमध्ये दोरीने बांधून पाहिलं. त्यांनी उजवा ढकलला की माझा डावा पुढे जायचा आणि शेपूट हवं तिकडे वळायचं. आबा खूश होते.

मग ते शिकवायला लागले. पुढे बघत, पाठ माझ्याकडे, ते म्हणाले, आता समज डावीकडे जायचंय, उजवा दे. मी उजवा दिला. त्यांनीही उजवा दिला. पट्टी मधेच अडली. आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध पाय रोवून बसलो होतो.

पुन्हा. डावीकडे, उजवा दे.

पुन्हा.

सहाव्या खेपेला आबांनी पाय काढून घेतले. बोललं जातं ते पायातून येतं, ते म्हणाले. पाय उलटे आहेत तोवर तोंडही उलटंच बोलणार. वर असताना त्यांच्या तोंडून ‘उजवा’ आलं आणि मी ऐकलं, तर? कारखान्यात असं एक मशिन दोन नियमांनी कुणी जोडलं असतं तर पहिल्या पाळीत कुणाचं तरी बोट गेलं असतं.

कैची सोडली. एकाचं एकात, दोनाचं दोनात.

*(कडेला तीन उभ्या रेघा)*

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आबा चांगोच्या शेतात पुढे बसले, सरळ दोऱ्या घेऊन. मी बांधावर. सवय होईल, म्हणाले. सकाळभर त्यांनी विमान नुसतं पळवलं. सावकाश पळवलं की जमायचं, कारण सावकाश असताना माणूस विचार करतो. जरा वेग आला की विचार संपायचा आणि पाय पुढे यायचे. पहिल्यांदा उजवा बांध. दुसऱ्यांदा डावा. तिसऱ्यांदा थेट करवंदीच्या जाळीत.

चांगो बिडी ओढत माझ्याशेजारी बसला होता. चार वर्षं झाली, मास्तर असा कधी जात नाय, म्हणाला. मग मोठ्याने: “मास्तर, बांधाशी सोयरीक जमली हाय का तुमची?”

आबा हसले. जाळीतून उतरले, हातावरचे ओरखडे चोळले, आणि विमानाभोवती एक फेरी मारली, मोडतोड बघत असल्यासारखी. मोडलेलं काहीच नव्हतं. त्यांनी पाना मागितला. मला वाटलं पुन्हा कैची करणार. मी पाना दिला.

त्यांनी मागच्या सीटपुढच्या दोन बोल्टांच्या जागा चाचपल्या, माझ्या पट्टीसाठी केलेल्या. पट्टी टेम्पोतच होती. ती लावायची नाही, म्हणाले. लाकडाच्या खुंट्या ठोकून त्यांनी ती भोकं बंद केली.

“तू पुढे बस. मी मागे. मागे काठी आहे तेवढी पुरे.”

“आणि पाय?”

“पाय तुझे.”

*शिसं, साडेचार किलो*

मी हलकी, आबा जड. जागा बदलल्यावर विमानाचं नाक वर राहायला लागलं, म्हणून नाकात शिसं. लच्छूभाईंनी ओतून दिलं, विटेसारखं. जहाज में ईंट, असं ते नंतर बरीच वर्षं येईल-जाईल त्याला सांगत होते.

*(शेवटचा बाण, दोन्ही सीटच्या मधून जाणारा, नाव लिहिलेलं नाही)*

तेवीस डिसेंबर. आईही आली होती, चांगोच्या बायकोने तिच्यासाठी बाजलं टाकलं होतं.

आबा मागे चढले. चपला काढून त्यांनी आईकडे दिल्या. पायांचं करायचं काय त्यांना समजेना, शेवटी नुसते फळीवर टेकवले.

आमचं ठरलं होतं की डावा-उजवा हे शब्द काढायचे नाहीत. आबा मागून ओरडायचे, “डोंगराकडे,” आणि मी डोंगराकडचा पाय द्यायची. “कुळगावकडे,” आणि कुळगावकडचा. नाक किती वर, किती खाली, ते शब्दाने नाही. ते काठीतून यायचं. त्यांनी जरासं धरलं की मला कळायचं, अजून नाही. सोडलं की आता.

निम्म्या शेतावर त्यांनी सोडलं.

चाकांचा खडखडाट थांबला. मी बांध पाहिला, बाजल्यावर उभी राहिलेली आई पाहिली, ताडाचा शेंडा आमच्या बरोबरीने आला. वारा डोंगराकडून होता, आम्ही कुळगावकडे सरकत होतो. मी डोंगराकडचा पाय दाबला, डावा. त्याच क्षणी माझ्या सीटखालच्या फळीतून एक थाप आली. पुन्हा दाबला, पुन्हा थाप. मग कुळगावकडचा, उजवा, आणि थाप दुसऱ्या बाजूने. इंजिनाच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती, पायाला लागत होती. आबांची टाच. मी डावा दिला की त्यांची उजवी पडायची, उजवा दिला की डावी. पट्टी नव्हतीच त्यांच्यापुढे. ते रिकाम्या फळीवर आपलं विमान चालवत होते, प्रत्येक वेळी माझ्या उलट, आणि एकदाही त्यांनी काठीला मला अडवेल एवढा जोर दिला नाही.

टेकवलं. चांगोने बिडी विझवली आणि एवढंच म्हणाला की या पोरीला बांध आवडत नाय वाटतं.

आई आबांच्या चपला घेऊन आली. विमानाच्या बाजूला तिने त्या जमिनीवर जोडीने ठेवल्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. आबांनी घातल्या.

पायपट्टी नंतर शेडच्या भिंतीला खिळ्यावर राहिली. आईने तिच्यावर झाडू टांगला. परवा ती उतरवताना मी पाहिलं, तिच्या एका टोकाला एक ठिपका होता आणि दुसऱ्या टोकाला दोन. घरी आल्यावर तिला पंच लागला नव्हता, सगळं काम माझ्यासमोर झालं होतं, आणि लच्छूभाई ठिपके मारत नसत. म्हणजे आबा तीन नंबरला जाऊन आले होते, पट्टी हातात घेतली होती, ठिपके मारले होते, आणि पुन्हा ठेवून आले होते.

*(चित्राच्या बाहेर)*

विमान आणखी दोन हिवाळे उडालं. मग चांगोच्या शेताला कुंपण पडलं.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, पुण्याला पहिल्या फेरीत सर म्हणाले डावीकडे, मी डावा दाबला. परतीची गाडी माझ्याशिवाय गेली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी सर मागच्या सीटवरून उतरले, तिथला पट्टा बांधून टाकला आणि म्हणाले, जा. वरपर्यंत ओढणारी दोरी सुटली. ग्लायडरला इंजिन नसतं, तुम्हाला आपला श्वास ऐकू येतो. खाली सगळं पुणं होतं आणि मला त्यातलं काहीच ओळखीचं दिसेना, ना डोंगर ना कुळगाव. नाक किंचित उजवीकडे सरकलं.

मी डावा पाय दाबला आणि थाप येण्याची वाट पाहिली.